घासणारी बाई

कुपवाडच्या त्या फाउंड्रीत माया चौदा वर्षं बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे घासत होती. ऐकणाऱ्याला वाटतं, घासायला काय अक्कल लागते? नवा लॅब मॅनेजर जयराज त्यातलाच. पहिल्याच दिवशी तो तिला सगळ्यांसमोर 'घासणारी बाई' म्हणाला. मायाच्या मनातून तो तेव्हाच उतरला, तो कायमचा.

काम असं. ओतलेल्या भागाचा सुपारीएवढा तुकडा कापायचा. आधी जाड पॉलिश पेपरवर घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर पेपरला तुकडा पाव फेरा वळवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात. ते पुरते गेल्याशिवाय पुढचा पेपर धरायचा नाही. मधे हात धुवायचे. शेवटी मखमली कापडाच्या फिरत्या चकतीवर तुकड्याचा आरसा करायचा. मग मायक्रोस्कोपखाली लोखंडातलं ग्राफाइट, म्हणजे काळा कार्बन, दिसतं. गोल दाणे असले तर माल पक्का, अळ्यांसारखं लांबट असलं तर ठिसूळ.

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे एक ब्रॅकेट तडकला. त्या मालात अळ्या आहेत हे मायाने आधीच सांगितलं होतं, तरी जयराजने माल पाठवला. मालक लालासाहेबांपुढे मात्र त्याने सरळ हात वर केले.

"बाई घासताना ग्राफाइट उपटते. तिच्या नमुन्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

लालासाहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाचं मानूस येतंय तपासायला. त्यांच्यापुढं बाईचा नमुना खराब निघाला तर तिला घरी बसवा."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! मायाला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

तपासणीला प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्यांनी त्याच मालातला एक भाग स्वतः निवडून मायाकडे दिला. जयराज तिच्या डोक्यावर उभा. मधेच त्याने पेपर चाचपले आणि तेच बोट मखमलीवर फिरवलं, कापड ओलं आहे का बघायला. मायाचं पित्त खवळलं, पण तुकडा चकतीवर टेकला होता. उचलून बघते तर आरशावर मधोमध लांब ओरखडा. पेपरचे जाड कण त्याच्या बोटावरून कापडात बसले होते.

"सायेब, कापड घालवलंत. आता परत मागनं सुरवात."

"एका ओरखड्यानं काय होतंय? मॅडम थांबल्यात!"

"थांबू द्या. नाव माजं जानार हाय, तुमचं न्हाई."

तिने कापड ओरबाडून कचऱ्यात टाकलं, नवं चढवलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि पुन्हा तिसऱ्या पेपरपासून घासायला घेतलं. जयराज दारं आपटत राहिला. तिने मान वर केली नाही.

प्रियदर्शनी मॅडमनी मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं. अळ्याच होत्या. जयराज पुढे सरसावला, "मॅडम, हे घासण्यातलं..."

"नाही. इतका स्वच्छ नमुना मी क्वचित बघते. दोष तुमच्या ओतकामात आहे."

सगळा माल नापास झाला. पुढचा माल तपासायला गिऱ्हाइकाची माणसं दोन दिवसांनी परत यायची ठरली. लालासाहेबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. कारखान्याचं नाक कापलं गेलं आणि मायाला आनंद झाला. खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या रिपोर्टची प्रत फाइलला लावायला तिच्याकडे आली. शेवटी लिहिलं होतं, 'नमुन्याची तयारी उत्कृष्ट.' त्याखाली 'नमुना तयार करणारे' असा रकाना होता. तो मॅडमनी कारखान्याला भरायला सोडला होता. त्यात जयराजचं नाव होतं, डिग्रीसकट, आणि खाली झोकदार सही.

मायाने ते दोनदा वाचलं. मग त्या दिवशी घासायच्या तुकड्यांचा ट्रे उचलला, वर सगळ्यात जाड पेपर ठेवला आणि तो जयराजच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाला लागून, आदळला.

"ह्ये काय?"

"हात लय चांगला हाय म्हनं तुमचा. घ्या, घासा. गिऱ्हाइकाची मान्सं उद्या परत येनार हायती."

आणि ती हात धुवायला नळावर गेली.