शेवटचे दोन आकडे

त्याच्या रीडिंगच्या वहीत कधी खाडाखोड नसे. पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात मी मुख्य लिपिक असताना बारा रीडर माझ्या हाताखाली होते. अकरा जणांच्या वह्या तपासताना मला चष्मा दोनदा पुसावा लागे; त्याची वही मात्र छापल्यासारखी. त्यामुळे त्याची पाने पुरती न वाचताच मी खाली सही करीत असे. हा माझा दोष होता आणि तो प्रारंभीच नमूद करणे मला उचित वाटते.

रीडरचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नसते. दिवसाला शंभरावर घरे, प्रत्येक घरी जमिनीलगतचे लोखंडी झाकण उचलायचे, कोळिष्टके बाजूला करायची, ओल्या फडक्याने काच पुसायची आणि वाकून आकडा टिपायचा. या कंटाळ्यावर उपाय म्हणून रीडर मंडळींनी एक गंमत काढली होती. बसथांब्यामागच्या टपरीवर दुपारी तीनपर्यंत आकडा लावता येई. निकाल पाचला लागे. सकाळच्या पहिल्या मीटरचे शेवटचे दोन आकडे लावायचे, असा त्यांचा खेळ. बाकीचे महिन्याभरात कंटाळले. त्याचा मात्र नवव्या दिवशी चौसष्ट लागला. त्याने सगळ्या विभागाला चहा पाजला. मीही तो प्यालो.

त्यानंतर प्रत्येक झाकणाखालचा आकडा त्याला आपल्यालाच उद्देशून काहीतरी सांगतो आहे, असे वाटू लागले. हे सहा वर्षे चालले; त्यातले बरेच मला फार नंतर त्याच्याच तोंडून कळले. त्याची पत्नी घरी शाळेचे गणवेश शिवत असे. एके दिवशी तिचे शिलाई मशीन जागेवर नव्हते. "दुरुस्तीला दिलंय," असे त्याने सांगितले. आठ दिवस ती रोज विचारीत राहिली, "झालं का हो दुरुस्त?" नवव्या दिवशी तिने काही विचारले नाही, मुलीला घेतले आणि भावाकडे निघून गेली.

त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला हाताला धरून एका सभेला नेले. जुगार सोडू पाहणारी माणसे दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. पहिल्याच दिवशी त्याने उभे राहून जाहीर केले, की आपण जन्मात पुन्हा आकडा लावणार नाही. तेव्हा एक निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत, ते म्हणाले, "बस खाली. जन्माचं वचन म्हणजे पुन्हा पैजच झाली की रे! लावलीस कुणावर? स्वतःवर. आजच्या दुपारचं बोल. तीन वाजता कुठं असशील?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याच्या ध्यानात आले, की तीनपर्यंत आपल्या डोळ्यांखालून शंभर आकडे गेलेले असतात. पहिल्या वर्षात तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा पुढच्या रविवारी त्याने सभेत तसे सांगितले. दुसऱ्या घसरणीनंतर त्याने माझ्याकडे बदलीचा अर्ज दिला: रीडरचे काम नको, गळती शोधणाऱ्या पथकात पाठवावे. कारण लिहिले होते, डोळे दुखतात. तेथे रीडरचा भत्ता मिळत नाही, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, "चालेल, साहेब." मला तो शुद्ध मूर्खपणा वाटला, आणि मी तसे बोललोही.

गळती शोधणे हे कानाचे काम आहे. पहाटे रहदारी सुरू होण्यापूर्वी किंवा दुपारच्या सामसुमीत रस्त्यावर जायचे, लोखंडी सळईचे एक टोक जमिनीखालच्या नळावर टेकवायचे आणि दुसरे कानाशी धरायचे. नळ फुटला असेल तेथे बारीक फुसफुस ऐकू येते. त्यात आकडा कोठेच नसतो. तो या कामात इतका तयार झाला, की पथकाने त्याचे नाव कानसेन ठेवले. चौदा महिने त्याने आकडा लावला नाही, तेव्हा पत्नी परत आली. बहिणीच्या समक्ष तिने एकच अट घातली: "एक आकडा जरी लावलात, तर मी भांडणार नाही, रडणार नाही. सरळ निघून जाईन, आणि मग बोलवायला येऊ नका."

पुढच्या वर्षी खात्याने बिलांचे काम संगणकावर नेले. त्यासाठी शहरातील प्रत्येक मीटर पंधरवड्यात नव्याने वाचणे आवश्यक होते, आणि ज्याने पूर्वी कधी रीडिंग घेतले होते त्या प्रत्येकाला बोलावण्याचा आदेश होता. मी यादी केली. तीत नियमाप्रमाणे त्याचेही नाव घातले.

सकाळी अकरा वाजता वह्यांचे वाटप चालू असताना तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले.

"साहेब, मला वही नको."

"डोळ्यांचं म्हणताय ना? डॉक्टरांचा दाखला आणा, नाव वगळतो. दाखल्याशिवाय नाही."

आमच्या विभागातला सर्वांत जुना रीडर, ज्याला सगळे आजोबा म्हणत, तो मागून म्हणाला, "याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, साहेब! परवा पार गेटापासून माझ्या डब्यातली भाजी ओळखली यानं."

सगळे हसले. तो हसला नाही.

"आजोबा खरं बोलतायत. डोळे ठणठणीत आहेत. अर्जात मी खोटं लिहिलं होतं. मी जुगारी आहे, साहेब. त्या काचेखालचे आकडे बघितले की मला दुसरं काही सुचत नाही. आज वही घेतली, तर तीनच्या आत मी टपरीवर असेन."

"अरे, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," कोणीतरी म्हणाले. "मन घट्ट कर की जरा."

"घट्ट केलंय, म्हणूनच नको म्हणतोय."

वही पुढे केलेला माझा हात तसाच होता. मी म्हणालो, "हे कारण नियमात बसत नाही."

तो म्हणाला, "मग बसेल असं कारण सांगतो. खोटं रीडिंग लिहिणाऱ्याला वही देता येते का, ते नियमात बघा."

आणि त्याने सगळ्यांदेखत सांगितले. त्याच्या हद्दीत गल्लीच्या टोकाला एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांच्या मीटरवर अठराशे छत्तीस होते. त्या दिवशी त्याला सत्तेचाळीस लावायचा होता. आपण वहीत लिहिला तर तो नक्की लागेल, असे मनाने घेतले आणि त्याने अठराशे सत्तेचाळीस लिहिले. आकडा लागला नाही. पुढच्या महिन्यात काचेखाली त्रेचाळीसच होते. मीटर काही उलटा फिरत नाही. त्यामुळे वहीतही मागे येण्याची सोय उरली नाही, आणि वापर शून्य लिहिला तर चौकशी झाली असती. सात महिने तो खोटे आकडे पुढे रेटत राहिला आणि बाईंना जादा बिल जात राहिले. त्याची बदली झाल्यावर नव्या रीडरने मीटर बिघडला असे समजून तो बदलून घेतला. कोणाला कधीच कळले नसते.

आजोबांनी हातातला डबा हळूच खाली ठेवला.

मी जुनी वही कपाटातून काढली. सात पाने सुबक होती आणि सातही पानांखाली माझी सही होती. दुपारी मी अहवाल लिहिला. त्यात प्रथम माझा हलगर्जीपणा मांडला आणि मग त्याचा अपराध. नोकरी जाण्यासारखेच ते प्रकरण होते.

तिसऱ्या दिवशी तो पत्नीला घेऊन आला. "साहेब, यांची नोकरी जाणार का?" तिने विचारले.

"आज सांगता येणार नाही."

"गेली तर माझी शिलाई आहे, भावानं नवं मशीन घेऊन दिलंय. पण राहिली, तरी यांच्या हातात वही देऊ नका."

"ती विचारायला नाही आली, साहेब," तो म्हणाला. "सांगायला आलीय."

"तुम्ही गप्प बसा हो, मी बोलतेय ना!" ती म्हणाली, पण खुर्चीवरून उठताना तिने त्याच्याच दंडाचा आधार घेतला.

चौकशी सव्वा महिना चालली. तेवढ्या काळात त्या बाईंच्या घरी तो स्वतः जाऊन आला. आपण काय केले, हे त्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, म्हातारपणी माझ्याच हातून पाणी फार सांडतंय. अंगणातली झाडं निम्मी काढून टाकली रे मी!" हे मला सांगून तो म्हणाला, "ती झाडं माझ्यामुळे गेली, साहेब." त्याच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच तक्रार, आणि तीही स्वतःविरुद्ध.

निकाल लागला. त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या, बाईंचे जादा बिल त्याच्या पगारातून परत करण्याचे ठरले, आणि मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

आदेशाची प्रत घेऊन तो माझ्याकडे आला. "माझ्या सेवापुस्तकात एक नोंद करायची आहे, साहेब. मला पुन्हा रीडिंगचं काम देऊ नये, अशी. उद्या तुम्ही निवृत्त व्हाल. नवे साहेब येतील, नवी यादी येईल."

"सेवापुस्तकातली नोंद पुसता येत नाही," मी म्हणालो. "मुख्य रीडरची जागा तुम्हाला कधीच मिळणार नाही. पेन्शनपर्यंत सळईच धरावी लागेल. घरी विचारलंत का?"

"विचारलं. ती म्हणाली, शाईनं लिहून घ्या."

मी माझा जुना टाक दौतीत बुडवला आणि सरकारी रिवाजाप्रमाणे लिहिले: 'सदर कर्मचाऱ्यास त्याच्या विनंतीवरून रीडिंगचे काम शक्यतो देऊ नये.' आणि वाचण्यासाठी पुस्तक त्याच्याकडे फिरवले.

त्याने ओळीवर बोट ठेवून प्रत्येक शब्द वाचला. बोट एका जागी थांबले.

"शक्यतो खोडा, साहेब."

"अहो, तो नुसता लिहिण्याचा प्रघात आहे."

"असेल. पण मी मला ओळखतो. एवढी फट मला पुरते."

माझ्या हातच्या एकाही सेवापुस्तकात तोवर खाडाखोड झालेली नव्हती. मी तो शब्द एका सरळ रेघेने खोडला, समासात आद्याक्षरे घातली आणि टाक त्याच्या हाती दिला. त्याने खाली सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि घड्याळाकडे पाहून म्हणाला, "अडीच झालेत. जलकुंभाच्या रस्त्यावर एक फुसफुस राहिलीय, ती बघून येतो."