जिभेखालचा पडदा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी लोणीला माहेरी होते. मुलगी झाली, अंगानं चांगली; पण तिला पाजणं मला जमेना. छातीशी घेतलं की ती जरा ओढायची, सुटायची आणि हातपाय झाडत रडायची. दूध तिच्या हनुवटीवरून माझ्या पदरात गळायचं. मंचरच्या एका डॉक्टरांनी तिच्या तोंडात न बघताच माझं दूध कमी पडतंय म्हणून सांगितलं आणि पावडरचा डबा लिहून दिला. बाटलीनंही तेच रडगाणं.

अवसरीहून सासूबाई नातीला बघायला आल्या. हिच्या अंगावर दूधच नाही, असं त्या चार बायकांत बोलल्या. आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती.

"व्हय, कमीच हाय तिला," ती म्हणाली.

मी अळीव, शतावरी, जे समोर येईल ते मुकाट खात होते. आपलंच अंग नासकं निघालं असं वाटायचं.

मुलीच्या मांड्या सुकायला लागल्या तेव्हा नारायणगावला दुसरीकडे दाखवायचं मी ठरवलं. डॉक्टर बदलून काय होणार, म्हणत आई आढेवेढे घेत होती, तरी सोबत आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला त्यांच्यासमोर पाजायला लावलं. मग मुलीची जीभ बोटानं उचलून बघितली. खालच्या पडद्यानं जीभ बांधल्यासारखी झाली होती. दूध आहे, हिला ओढता येत नाही, असं त्या म्हणाल्या. घरात आणखी कुणाला असं होतं का, त्यांनी विचारलं. आईनं नाही म्हणून सांगितलं. बाईंनी तिथंच कात्रीनं पडदा मोकळा केला.

एसटीच्या थांब्यावर मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुझी जीभ बी अशीच व्हती. सुईणीनं पडदा कापला व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"धाकटीला बघायला पावणे येत व्हते. घराण्यात खोट हाय म्हणले असते."

रोज मुलीला न्हाऊ घालताना तिच्या तोंडात बोट फिरवायची ती आईच. म्हणजे पहिल्या अंघोळीलाच तिला कळलं असणार.

मुलगी हळूहळू पोटभर प्यायला लागली. आईशी मी भांडले नाही. धाकटीचं लग्न झालं, त्यात करवली म्हणून मिरवलेही. दुसऱ्या बाळंतपणाला मात्र आई न्यायला आली तेव्हा मी गेले नाही. सासूबाईंना नवल वाटलं. त्यांनी कारण विचारलं, ते मी त्यांनाही सांगितलं नाही.