ताईसाठी मारलेली निळी रेषा

फरशीवाल्याला सगळे लेव्हल म्हणतात. कुणाच्या घरी गेला की चहा यायच्या आत तो सांगून टाकतो, ही खोली खिडकीकडे उतरलीय. विचारलेलं नसतं कुणी.

आठवीत त्याने शाळा सोडली तेव्हा बापाने दार दाखवलं आणि उरलेल्या नातेवाइकांनी अक्कल शिकवली. ताई त्याची मोठी बहीण. ती नर्स. दुसऱ्या दिवशी तिने त्याला हॉस्पिटलात नेलं, वॉर्डातल्या बाथरूमची फरशी बसवत होता त्या मिस्त्रीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "हा माझा भाऊ. काम दिलं तर सोडत नाही." तेव्हापासून ताईला कुणी काही बोललं की लेव्हलचं टाळकं सटकतं. भाऊजी पण जरा जपूनच असतात.

ताई आता सेहेचाळीसची. मॅरेथॉन पळते, म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. पाच वेळा पळाली. सगळ्यात कमी वेळ चार तास चाळीस सेकंद. ते चाळीस सेकंद तिच्या डोक्यात घर करून बसलेत. तिला बाकी काही नको, तीनने सुरू होणारा आकडा हवा. आणि गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, आता एकदाच पळा. मग ऑपरेशन. मग चाला, पोहा, पळायचं विसरा.

म्हणजे शर्यत उरली एक. कुठली, ते ठरवायचं होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन शर्यतींचे कागद पडले होते. भाऊजी म्हणाले, "डोंगरावरची घे. सगळा उतार. अंग सोडून दिलं की खाली."

"पोतं आहे का ती?" लेव्हल म्हणाला. "उतारावर पहिले गुडघे जातात. माझे बघा. चौतीस वर्षांचा मी, उठताना दाराच्या बिजागरीसारखा वाजतो."

भाऊजींनी कागद गपचूप बाजूला ठेवला.

ताईचा जीव समुद्राकाठच्या शर्यतीत होता. तिथे लोक टाळ्या वाजवतात, बँड असतो. लेव्हल म्हणाला, आधी बघतो. तीन रविवार तो समुद्राकाठच्या आणि तिसऱ्या, कारखान्यांमधल्या रस्त्यावर सायकलने हिंडला. दर अर्ध्या किलोमीटरला उतरायचा, रस्त्यावर उतार मोजायची लेव्हलपट्टी ठेवायचा, बाटलीतलं थोडं पाणी ओतायचा आणि ते कुठे जातं ते उकिडवा बसून बघायचा. एका बाईने त्याला विचारलं, काही हरवलंय का. तो म्हणाला, "अजून नाही."

चौथ्या रविवारी त्याने निकाल दिला. "समुद्राची नको. दोन पूल चढायचे, वारा तोंडावर. कारखान्यांची घे. चार फेऱ्या. पाणी ओतलं तर जागच्या जागी बसतं."

"तिथे बघायला काय आहे?"

"पत्र्याच्या शेड."

"आणि टाळ्या वाजवायला?"

"मी."

ताईने कारखान्यांच्या शर्यतीत नाव घातलं. उताराच्या बाबतीत तो आजवर चुकला नव्हता.

पण त्या रस्त्याला एका फेरीत अकरा वळणं होती. माणूस वळणावर बाहेरून गेला की फुकटचं अंतर पळतो. लेव्हलला ते बघवेना. शनिवारी दुपारी कारखाने बंद झाल्यावर तो रंगाची दोरी घेऊन आला, फरशीच्या ओळी आखायला वापरतात ती. निळ्या भुकटीत घोळवायची, दोघांनी ताणून धरायची, मधून उचलून सोडायची. सरळ रेषा उमटते. दुसरं टोक ताईने धरलं.

"ह्या नळापासून त्या गटाराच्या झाकणापर्यंत," तो म्हणायचा.

"नळ ते झाकण," ताई म्हणायची आणि दोरी ताणायची.

अकरा वळणं झाली. ह्याहून जवळचा रस्ता नव्हताच. दोघं खूश होऊन घरी गेले.

रविवारी सकाळी पाचशे लोक सुटले. पहिल्याच वळणावर सगळ्यांनी निळी रेषा बघितली. सगळ्यांना वाटलं, जवळचा रस्ता दाखवायला आयोजकांनी मारलीय. शहाणी माणसं होती, रेषेवरून पळायचं त्यांना कळत होतं. पाचशे जण एका बोटभर रेषेवर आले आणि चेंगरले. ताई मधे कुठेतरी कुणाच्या तरी पाठीला नाक लावून होती.

पहिली फेरी एकसष्ट मिनिटं दहा सेकंद. साठच्या आत हवी होती.

"तुझ्या रेषेवर मुंगीला जागा नाही," समोरून जाताना ताई म्हणाली.

"मग सोड रेषा."

"मग मारलीस कशाला?" तोवर ती पुढे गेली होती.

लेव्हल तिथेच उभा राहिला. एवढ्या वर्षांत स्वतःचं काम उखडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. मग त्याने बादली भरली, स्पंज घेतला आणि सायकलवर बसला. वळणावर पोचायचं, लोकांमधे फट दिसली की गुडघ्यावर बसून पुसायचं, पुढच्या वळणावर. हातात बादली असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. एका पाणीवाटप करणाऱ्याने उलट त्याला बादली भरून दिली. दुसरी फेरी संपेपर्यंत नऊ वळणं साफ झाली. उरलेली दोन पायांनीच विस्कटून गेली होती.

ताईची ती फेरी बरोबर साठ मिनिटांत झाली.

रेषा गेल्यावर लोक रस्ताभर पांगले. कुणी बाहेरून वळतंय, कुणी बोलत बोलत फुटपाथला लागतंय. ताई एकटीच नळापासून झाकणापर्यंत जात होती. तिला रेषेची गरज नव्हती. दोरीचं टोक तिच्या हातात होतं ना.

तिसरी फेरी एकोणसाठ वीस. चौथीत तिचा गुडघा गेला होता, ते लेव्हलला लांबून दिसलं. पळताना तिचं अंग एका बाजूला उतरलं होतं. टाळ्या वाजवायचं तो विसरला.

तीन तास एकोणसाठ मिनिटं पन्नास सेकंद.

तिने आकडा दोनदा वाचला आणि फुटपाथवर आडवी झाली. लेव्हल तिच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसला. तेवढ्यात टोपीवाला आयोजक आला.

"काल कुणी तरी निळी रेषा मारली होती. आज कुणी तरी पुसली. तुम्ही बघितलं का?"

"कसली रेषा?" लेव्हल म्हणाला. तो कोपरापर्यंत निळा होता. बर्फही निळा व्हायला लागला होता.

आयोजकाने बादली बघितली, हात बघितले, मग ताईकडे बघितलं.

ताईने डोळे उघडले नाहीत. "तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

आयोजक पुढचं ऐकायला थोडा वेळ थांबला. पुढचं काही नव्हतं.