चार डिग्रीवर अडकलेली रेघ

चहा येतोय तोवर माझी एक फजिती सांगून टाकतो. हसू आलं तर मोकळेपणानं हसा. नेसरीकडची माणसं गेली कित्येक वर्षं हसतायत, त्यात तुमची भर.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोली घेऊन मी कॉम्प्युटरची किरकोळ कामं करायचो. कुणाच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या याद्या, कुणाच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग. त्याच वर्षी पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा नवीन शिकलो होतो. नवीन शिकलेल्या माणसाला जसं सगळीकडे आपलंच काम दिसतं, तसं मला झालं होतं.

तशात मामांच्या ओळखीनं बसगोंडा आण्णा आले. नेसरीजवळच्या एका गावात दूध संस्थेचे ते चेअरमन. संस्थेत दूध गार ठेवायची मोठी स्टीलची टाकी होती. दूध चार डिग्रीला राहिलं तरच टँकरवाला उचलणार. आणि नेमका टाकीवरचा तापमानाचा काटा बिघडला होता.

"नवा काटा बसवण्यापरास कॉम्प्युटरवर दिसू दे की," आण्णा म्हणाले. "पडद्यावर रेघ पळाय पायजे. दवाखान्यात काळजाची पळती बगा, तशी."

"चार दिवसांत पळवतो," मी म्हणालो.

आणि पळवलीही. वायरच्या टोकाला पेनाएवढी स्टीलची नळी, तोच सेन्सर. तो पाण्याच्या तांब्यात सोडायचा, दर पाच सेकंदांनी तापमान कॉम्प्युटरकडे येणार आणि ग्राफ पुढं सरकणार. घरी मी शंभरदा बघितलं. ग्राफची खिडकी जरा लहान होती, म्हणून दर वेळी माऊसनं तिचा कोपरा ओढून मोठी करायचो आणि मग रेघ बघायचो. रेघ झकास वरखाली झालेली असायची. हे कोपरा ओढणं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी सहाला संस्थेत पोचलो. टाकी अक्काताईंच्या ताब्यात होती. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. काटा बिघडल्यापासून त्या मापानं थोडं दूध काढायच्या, मनगटावर टाकायच्या आणि सांगायच्या, "चारला हाय," नाहीतर "अजून सातला हाय." आणि ते बरोबर निघायचं म्हणे.

मी सेन्सर टाकीत सोडला, प्रोग्राम चालू केला, सवयीनं खिडकीचा कोपरा ओढला. रात्रभर गार झालेलं दूध होतं, रेघ चारवर आली. आण्णांचा चेहरा उजळला.

"अक्का, आता सारखं झाकण उघडायचं नाही," मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं. "गरम हवा आत जाते. आता मनगटाची गरज नाही. इथं बघायचं."

अक्कांनी माप खुंटीला अडकवलं.

सातला लोक दूध घेऊन आले. ताजं, धारोष्ण दूध कॅनामागून कॅन टाकीत पडत होतं. रेघ चारवरच होती. अक्का बराच वेळ पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"पावणं, एवढं कोंबट दूध वतलं, आन रेघ हालली न्हाय?"

खरं तर इथंच मी गप्प बसून विचार करायला हवा होता. पण आण्णा शेजारी उभे होते. मी म्हणालो, "अक्का, टाकीची ताकद आहे ती. आत पडल्या पडल्या दूध गार होतंय."

"असं व्हय," अक्का म्हणाल्या. आण्णांनी मात्र शेजारच्या चार माणसांना आपल्या टाकीची ताकद ऐकवली.

आठच्या सुमाराला लाईट एकदा जाऊन लगेच आली. कॉम्प्युटर बॅटरीवर होता, त्याला पत्ताही लागला नाही. पण टाकीचं गार करणारं मशीन बंद पडलं. ते परत चालू करायला भिंतीवरचं बटण दाबावं लागतं. अक्का आल्या.

"मशीन गप झालंय. बटण दाबू काय?"

मी पडद्याकडं बोट दाखवलं. चार. "नका दाबू. दूध गार झालं की मशीन आपोआप थांबतं. आता उगाच चालवलं तर दूध गोठेल."

अक्कांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "शिकल्यालं हायत ते. आयका."

टाकीत ताजं दूध पडत राहिलं आणि दोन तास आम्ही निवांत बसलो. मी दोनदा चहा घेतला, कांदेपोहे खाल्ले, आणि पुढं गावोगावच्या टाक्या कोल्हापुरात बसून कशा बघता येतील यावर आण्णांना व्याख्यान दिलं.

दहाला टँकर आला. ड्रायव्हरनं आपला थर्मामीटर टाकीत बुडवला, वर काढला, पुसला, परत बुडवला.

"आण्णा, सतरा हाय. मी न्हाय नेणार."

आण्णांचं तोंड उतरलं. अख्ख्या गावाचं दूध होतं ते. मी पुढं झालो.

"तुमचा थर्मामीटर बिघडलाय. आत या, ग्राफ दाखवतो."

ड्रायव्हर आत आला, डोळे बारीक करून पडद्याकडं वाकला. "बारीक दिसतंय की वो."

"थांबा, मोठं करतो," म्हणत मी खिडकीचा कोपरा ओढला.

रेघ टुणकन वर गेली. सात वाजता अकरा, मग थोडी खाली, आठनंतर चढतच चढत सतरा. चार तासांचा सगळा डोंगर एका क्षणात पडद्यावर उभा राहिला. मी कोपरा सोडला. रेघ परत जागच्या जागी थिजली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्राम तापमान इमानानं घेत होता, नोंदवत होता. पण 'आता नव्यानं चित्र काढ' ही एक ओळ मी लिहिलीच नव्हती. खिडकी लहानमोठी केली की चित्र आपोआप नव्यानं निघायचं, म्हणून घरी मला सगळं बरोबर वाटत होतं. इथं कोपरा ओढायला कोण बसलंय?

अक्का तोवर बाहेर जाऊन बटण दाबून आल्या होत्या. त्यांनी दुधाचा वास घेतला, थोडं उकळून बघितलं. "फाटलं न्हाय. दोन-तीन तासात गार हुईल," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "म्होरलं गाव करून ये जा." तो गेला.

मी खाली मान घालून ती एक ओळ लिहिली. आण्णांनी विचारलं, काय चुकलं होतं? मी जमेल तसं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "म्हंजे सैपाक केलासा, आन वाढलाच न्हाई."

या वेळी मात्र कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं. सेन्सर टाकीतून काढून बर्फात धरला, रेघ खाली. गरम पाण्यात धरला, रेघ वर. कोपऱ्याला हात न लावता. दहा वेळा केलं. "आता जित्ती झाली," आण्णा म्हणाले.

एकच्या सुमाराला टँकर परत आला. ड्रायव्हरनं पाईप जोडला, आण्णा पडद्यासमोर येऊन बसले. मला शेवटचा एक आकडा बदलायचा होता, म्हणून दोन्ही हातांनी टाईप करायला लागलो.

"पावणं," आण्णा एकदम उठले, "रेघ चढाय लागली. अठ्ठावीस. तीस."

मी बघितलं. तेहतीस. खोटी असणं शक्यच नव्हतं, आत्ताच दहा वेळा तपासली होती.

"मशीन परत गेलं वाटतं," मी म्हणालो. "पाईप काढा. दूध घेऊ नका."

आण्णा पळाले, ड्रायव्हरनं पाईप सोडला, दोघं-तिघं भिंतीवरच्या बटणाकडं धावले. पस्तीस. छत्तीस.

अक्कांनी खुंटीवरचं माप काढलं, दूध मनगटावर टाकलं. मग आत आल्या. कॉम्प्युटरमधून निघालेल्या वायरीवर बोट ठेवून ती कुठं जाते ते बघत निघाल्या. वायर टेबलावरून खुर्चीवर आली, खुर्चीवरून माझ्या शर्टाच्या बाहीत शिरली.

"हात जरा वर करा बघू."

मी हात वर केला. टायपिंगला हात मोकळे हवेत म्हणून काखेत दाबून धरलेला सेन्सर फरशीवर टणकन पडला. रेघ शहाण्यासारखी खाली यायला लागली.

अक्कांनी दारातून बाहेर आवाज दिला, "आण्णा, दूध चारलाच हाय, भरू द्या. आन पावण्यास्नीबी ताप न्हाय."