शाफ्ट सुटला आणि 'पी'मधली गाडी चालू लागली

मंडळी, गॅरेजवरूनच घाईत लिहितोय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझी जुनी ऑटोमॅटिक पिकअप तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा तिचा लांब शाफ्ट खडखडत होता, म्हणून आज सकाळी अंबडला दत्तूमामांच्या गॅरेजवर नेली. तिथे जरा उतार आहे. हँडब्रेक तर कधीचाच गेलेला. मामांनी सवयीने मागच्या चाकापुढे दगड लावला.

मी तो पायाने बाजूला सारला. "मामा, ही ऑटोमॅटिक आहे. 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगला टाकली की हलत नाही. दगड कशाला?"

मामा गाडीखाली शिरले. शेवटचा बोल्ट निघाला, शाफ्ट खाली आला आणि गाडी पुढे सरकायला लागली. मामांचे पाय चाकासमोर! मी ओरडत तोच दगड उचलून चाकाखाली कोंबला. चाक थांबलं तेव्हा त्यांचा गुडघा वीतभर लांब होता.

बाहेर येऊन मामा घाम पुसत म्हणाले, "तुमचं 'पी'चं लॉक गिअरबॉक्सातच हाय. चाकाला धरून ठेवतो तो शाफ्ट. खुंटा कितीबी पक्का असू द्या, दावं सोडल्यावर बैल थांबतो का?"

"मग मला अडवलं का नाही?"

"तुम्ही लय ठाम बोलले. मला वाटलं, ऑटोमॅटिकमधी काही वेगळं असल."

या ग्रुपवरही मी रोज असाच ठाम बोलत असतो. माझं ऐकून तुमच्यापैकी कुणी गाडीखाली शिरलंय का?