वाळलेल्या बांबूला दिलेलं मत

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. घरातही नाही. गोंडपिपरीच्या बाजारात बैलगाडीवर उभा राहून मी भर माणसांत खोटं बोललो, आणि त्याच कामासाठी पुढं त्याच बाजारात माझा सत्कार झाला.

तेव्हा आमची विधानसभा नागपूरला होती. मी पहिल्यांदाच निवडून आलेला मेंबर. माझा एक रिवाज होता. अधिवेशन संपलं की बाजाराच्या दिवशी जायचं, मोकळ्या गाडीवर चढायचं आणि सांगायचं, अमुक विधेयक आलं, मी अमुक मत दिलं, या कारणानं. लोक धानाची पोती बाजूला सारून ऐकत. याला ते ‘नागपूरची बातमी’ म्हणत.

त्या दिवशी बातमी गोड होती. निस्ताराचं विधेयक पास झालं होतं. निस्तार म्हणजे गावकऱ्यानं घरच्या गरजेसाठी जंगलातून लाकूड, गवत, बांबू आणायचा हक्क. मी जोरात सांगितलं, “आता बांबू मोकळा झाला! जंगलनाक्यावर कोणी अडवणार नाही!”

टाळ्या झाल्या. मग गर्दीतून गिरजाबाई पुढं आल्या. या बुरूड समाजाच्या. सुपं, टोपल्या, धान साठवायच्या ढोल्या विणून त्यांच्या वस्तीतली चाळीस घरं जगत. त्यांच्या एका हातात बांबू होता, दुसऱ्या हातात सुरी.

“भाऊ, नाकेदारानं हाच नेऊ देला. म्हणते, कायद्यात वाळलेला लिवला हाय. हिरवा तोडला तं केस.”

“मग बांबू तर मिळाला ना बाई?”

त्यांनी बांबू आणि सुरी माझ्या हातात दिली. “काढा याची कमची. मंग बोलू.”

कमची म्हणजे विणण्यासाठी बांबू उभा चिरून काढलेली पातळ पट्टी. मी सुरी लावली. बांबू कडकन फुटला. दुसऱ्यांदा लावली, तुकडा उडून माझ्या टोपीवर आला. लोक हसले. एक गाडीवान ओरडला, “मेंबरसाहेब, टोपली राहू द्या, दात कोरून घ्या!”

गिरजाबाई हसल्या नाहीत. “हिरवा वाकते जी. वाळलेला मोडते. लहान लेकराले माहीत हाय. चाळीस घरं काय चुलीत घालू? आता पोटासाठी कुठी जाऊ, ते तुमीच सांगा.”

वाळलेला मोडतो हे मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मला सांगितलं गेलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या मतदारसंघातले तुळशीरामजी विरोधी बाकावर बसत. जुने शाळामास्तर, बोलणं सावकाश. त्यांनी त्या कलमावर उभं राहून सांगितलं होतं, “अध्यक्ष महोदय, वाळलेल्या बांबूची टोपली होत नाही.” तेव्हा मी माझ्या बाकावरून ओरडलो होतो, “मग चूल पेटवा!” आमचा सगळा बाक हसला होता. मग विभाजन झालं. विभाजन म्हणजे मतं मोजण्यासाठी घंटा वाजते, ‘हो’वाले एका दारानं बाहेर जातात, ‘नाही’वाले दुसऱ्या दारानं, आणि प्रत्येकाचं नाव लिहून घेतात. मी ‘हो’च्या दारानं गेलो. कलम वाचलं नव्हतं. बांबू फुकट, एवढंच डोक्यात होतं.

हे सगळं त्या गाडीवर उभ्या उभ्या आठवलं. आणि तोंडातून निघालं, “बाई, मी या कलमाला ‘नाही’ म्हटलं होतं.”

“मंग ‘हो’ कोन म्हनलं?”

इथं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “शेजारचे तुळशीरामजी.”

“अरे देवा! माहं माहेर त्याच्याच भागात हाय,” गिरजाबाई म्हणाल्या. “सांगतो मी तिथी सगळ्याइले.”

त्या रात्रीपासून मी कामाला लागलो असं लिहिलं तर छान दिसेल. खरं असं की दुसऱ्या दिवशी मी झोपूनच होतो. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईंच्या वस्तीत गेलो आणि म्हणालो, “बाई, नागपूरला चला. माझ्या सांगण्यानं नाही होणार. तुमच्या हातानं होईल.”

हिरवा बांबू न्यायचा होता. तोडल्यावर तो ओला ठेवावा लागतो, म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळला. जंगलनाक्यावर गार्डनं गाडी अडवली.

“मेंबरसाहेब, हिरवा हाय.”

“विधानसभेच्या कामाला हवा आहे.”

“पन कायदा तुमचाच हाय न जी?”

गिरजाबाई म्हणाल्या, “कायद्यालेच दाखवाले नेऊन राह्यलो, बाबा. लिव्ह तुझ्या वहीत.” त्यानं खरंच लिहिलं. माझ्या नावावर जंगलखात्याच्या वहीत आजही एक हिरवा बांबू असेल.

बल्लारशाहून रेल्वेनं नागपूर. खात्याच्या मंत्र्यांनी बंगल्यावर दहा मिनिटं दिली होती. गिरजाबाई व्हरांड्यातच बसल्या, बांबू पायाखाली धरला आणि सुरी चालवायला लागल्या. कमच्या सळसळत निघाल्या. दहा मिनिटं कधीच उलटली. मंत्री खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. सूप तयार झालं तेव्हा त्यांचा चहा गार झाला होता. मग गिरजाबाईंनी सोबत आणलेला वाळलेला बांबू त्यांच्या हातात दिला. “आता तुमी, साहेब.”

तो मोडला. सेक्रेटरीनं प्रयत्न केला, त्याचाही मोडला. मंत्री मोठ्यानं हसले आणि माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, “पण मागच्या वेळी तुम्ही आमच्याच बाजूनं मत दिलं होतंत ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“काय म्हनते साहेब?” गिरजाबाईंनी विचारलं.

“म्हणतात, हात चांगला आहे तुमचा.”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिकडं बघवेना. हे दुसरं खोटं.

पुढच्या अधिवेशनात मी दुरुस्ती मांडली: ‘वाळलेला’च्या पुढं ‘आणि विणकामासाठी हिरवा’. फक्त तीन शब्द. भाषणाला उठलो तेव्हा ते सूप हातात होतं. अध्यक्षांनी वस्तू दाखवायला मनाई केली. मी सूप खाली ठेवलं, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. जंगलाच्या ठेकेदारांशी संबंध असलेल्या काही मेंबरांनी विभाजन मागितलं. घंटा वाजली. ‘हो’च्या दारापाशी एवढी गर्दी झाली की बाहेर पडायला रांग लागली. आमचे बाक, विरोधी बाक, सगळे एकत्र. माझ्या पुढंच तुळशीरामजी उभे होते. मागं वळून म्हणाले, “आज दार बरोबर सापडलं तुम्हांला.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या खोट्याचं त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

दुरुस्ती पास झाली. दणक्यात झाली.

गोंडपिपरीचा तो बाजार मी विसरणार नाही. हिरव्या बांबूंनी भरलेल्या गाड्या नाक्यावरून एकामागून एक आल्या, आणि तोच गार्ड फाटक उघडून उभा होता. बुरूड वस्तीतली चाळीसच्या चाळीस घरं तिथंच राहिली, आजही आहेत. गिरजाबाईंनी माझ्या गळ्यात हिरव्या कमच्यांचा विणलेला हार घातला. फुलांचे हार वाळतात, हा टोचत होता. त्या ओरडून म्हणाल्या, “भाऊ पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूनं होते! आन् तो तुळशीराम...” पुढचं लोकांनीच पूर्ण केलं. मी हात जोडून हसत उभा राहिलो.

पुढच्या निवडणुकीत मी मोठ्या मताधिक्यानं निवडून आलो. तुळशीरामजी थोडक्यात पडले. कारणं बरीच असतील. पण त्यांच्या भागातल्या बुरूड वस्त्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही, हे मला त्यांच्याच माणसानं सांगितलं. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. भेटले की अजूनही विचारतात, “काय मेंबर, कलमं वाचता ना?”

वाचतो. आता जे कलम ज्याच्या हातात पडणार, त्याच्या हातात ते आधी देऊन बघतो. या धंद्यात मी एवढंच शिकलो, आणि तेही एका फुटलेल्या बांबूकडून.

विधानसभा आता मुंबईला गेली. नागपूरचं ते छापील कामकाज माझ्या ट्रंकेत आहे. त्या पहिल्या विभाजनाच्या ‘हो’च्या यादीत माझं नाव आहे, ‘नाही’च्या यादीत तुळशीरामजींचं. बाजारात ते कोणी वाचत नाही, म्हणूनच मी इतकी वर्षं निभावलो.

त्या बाजारात, गाडीवर उभं राहून, गिरजाबाईंच्या समोर मला सांगायचं आहे की ‘हो’ मी म्हणालो होतो आणि ‘नाही’ तुळशीरामजी म्हणाले होते. तेवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.