पाच मिनिटांचं मटण

आमच्या घरात मटण गच्चीवर शिजतं आणि ते पुरुष शिजवतात. हा नियम मी केलेला नाही, माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून चालत आलेला आहे. पण तो मोडू द्यायचा नाही हे मात्र मी ठरवलं. माझ्या ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो, तिथे मटणाचा चमचासुद्धा चालत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात वेगळी चूल, वेगळा पाटा, वेगळा गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि खाल्ल्यावर तो घासायचं कामही खाणाऱ्याचं. मी खात नाही, म्हणून मी घासत नाही.

शिजवणारे म्हणजे माझे यजमान, मारोतराव. मी त्यांना आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, पण इथे लिहिताना मारोतरावच म्हणते. कळमन्याच्या बाजारात ते धान्याचे मापाडी होते. आता घरी असतात आणि माझ्या पायात पायात करतात. या माणसाला साधा चहा करता येत नाही. पाणी प्यायल्यावर ग्लास बसल्या जागीच टाकून उठतात. पण गच्चीवर गेले की तेच हात वेगळे होतात. महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे बारसं असो की मुलीकडचे लोक जेवायला येणार असोत, रस्सा करायला मारोतरावांनाच बोलावणं यायचं. ‘मारोतरावांचा हात’ असं लोक म्हणायचे, आणि मारोतराव ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणवून घ्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली आणि स्टेंट बसला. डॉक्टरांनी तर्री बंद केली. तर्री बंद म्हणजे रस्सा बंद, कारण वर बोटभर तेल तरंगत नसेल तर तो रस्सा नव्हेच, असं यांचं मत. झालं, चूल थंड पडली. मारोतराव दिवसभर खुर्चीत बसून माझ्या भाजीला नावं ठेवू लागले. मेथी कडू, दोडका मऊ, वरण पातळ. एकदा मी चिडून म्हटलं, “मग तुमी करा.” तर म्हणाले, “माह्या हाताले वरण करायची सवय नाई वं.” असा राग आला की सांगता सोय नाही.

आमची मुलगी मधुवंती मेलबर्नला नोकरी करते. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते. फोन आम्ही टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो आणि मारोतराव समोरच्या खुर्चीत बसतात. आमच्या दुपारी तिकडे संध्याकाळ झालेली असते. ती बहुतेक स्वयंपाक करत करतच बोलते. त्या दिवशी तिने मोठी कढई आचेवर ठेवली होती. त्यात मांसाच्या पातळ पट्ट्या टाकल्या, परतल्या, मग शिमला मिरची, गाजर, पातीचा कांदा, वरून काळं काहीतरी ओतलं आणि गॅस बंद.

मारोतराव पुढे सरकले. “झालं?”

“झालं बाबा. पाच मिनिटं लागतात.”

“काय हाय हे?”

मधू जरा थांबली आणि म्हणाली, “मटन.”

“तेल किती टाकलं?”

“एक चमचा.”

बस. एवढं ऐकल्याबरोबर हा माणूस खुर्चीत ताठ बसला. एक चमचा तेल, भरपूर भाज्या, म्हणजे डॉक्टरांना बोलायला जागा नाही. त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. पट्ट्या कशा कापायच्या, आच किती, काळं काय होतं. मधू सांगत होती, पण तिचं लक्ष नव्हतं, आणि शेवटी म्हणाली, “बाबा, तिकडच्या मटनाचं नाई होणार तसं. इकडचं वेगळं असते.”

“कसं वेगळं? बकरा बकराच असते ना?”

“कोवळं असते.”

“मंग आपण बी कोवळं आणू.”

पुढच्या रविवारपासून माझ्या घराला जे ग्रहण लागलं ते सुटता सुटेना. सदर बाजारातून सोया सॉसची बाटली आली. ती मी फ्रीजमध्ये ठेवू दिली नाही, म्हणून ती गच्चीवर. चुलीची आच मोठी राहत नाही म्हणून जुनी शेगडी आणि सिलेंडर वर चढवले. स्टेंट बसलेल्या माणसाने सिलेंडर उचलायचा नाही, तर तो उचलायला समोरचे नत्थूजी आले. नत्थूजी कळमन्यातले यांचे जुने सोबती. रविवारी चव घ्यायला येणं हे ते आपलं कर्तव्य समजतात. खाटकाकडे पट्ट्या कापून मागितल्या तर तो म्हणाला, “काका, मटन की पट्टी कौन काटता है? भेजा खराब हुआ क्या?” मग मारोतराव घरी येऊन स्वतःच कापत बसले. भाज्या मला चिरायला सांगितल्या. मी चिरून दिल्या, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवल्या, वर गेले नाही.

पहिल्या रविवारी मटण चावलं गेलं नाही. नत्थूजींनी एक पट्टी बराच वेळ गालात फिरवली आणि म्हणाले, “मारोतराव, हे मटन हाय का चपलेचा पट्टा?” मारोतराव म्हणाले, वाऱ्याने आच गेली. दुसऱ्या खेपेला शेगडीभोवती पत्रे लावले. मटण तसंच, आणि गाजर कच्चं. मग खाटकाला शिव्या, म्हणे त्याने म्हातारा बकरा दिला. दुकान बदललं. मग कढईला शिव्या, म्हणे पातळ कढई पाहिजे. कढई बदलली. मटणाला कच्ची पपई लावून ठेवली, तर त्याचा लगदा झाला. अर्धा तास परतून पाहिलं, तर भाज्यांचा चिखल झाला आणि पट्ट्या आखडून आणखी कडक झाल्या. दर रविवारी गच्चीवरून आदळआपट ऐकू यायची आणि मी खाली पिठलं-भाकरी खात बसायचे. संध्याकाळी तक्रार मात्र मीच ऐकायची.

आणि दर रविवारी कॉलवर मधूची उलटतपासणी. “तू आदी मीठ टाकत का मंग?” “कढई किती तापवत?” ती काहीतरी सांगायची. तिने एकदा म्हटलं, “बाबा, सोडा ना आता. चिकनचं करा, चांगलं होते.” हे म्हणाले, “कोंबडीचं कोनाले बी जमते. तुह्यं मटनाचं होते, माह्यं काहून नाई?”

मला या सगळ्याचा वीट आला होता. पण मग एका रविवारी आदळआपट ऐकू आली नाही. मी जिन्याच्या पायरीवरून पाहिलं. मारोतराव शेगडी बंद करून चुलीपाशी बसले होते. नत्थूजी आपला मोठा गंज घासत होते. म्हणजे आमचा गंज, माझ्या सासऱ्यांच्या वेळचा, बारशाला-लग्नाला जायचा तो.

“नत्थूजीले देऊन राहिलो,” हे माझ्याकडे न बघता म्हणाले. “आपल्याले आता काय कामाचा?”

“काहून?”

“हात गेला वं माहा. तर्री होती तवरी झाकून गेलं. तेलात काय बी चांगलं लागते. पोरीले पाच मिनिटात जमते अन मले जमत नाई. लोकं खोटंच म्हनत होते इतके दिवस.”

नत्थूजी मान खाली घालून घासत राहिले. मी कधी यांचं मटण चाखलं नाही, त्यामुळे चांगलं होतं असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी खाली आले आणि भाकरीचं पीठ उगीचच जास्त मळलं. या माणसाची बढाई मला कधी सहन झाली नाही. पण बढाई नसलेला तो मला त्याहून सहन होईना.

थोड्या वेळाने कॉल आला. मारोतराव खुर्चीत बसले. आज त्यांनी काही विचारलं नाही. मधूलाच विचारावं लागलं, “आज काय केलं बाबा?”

“काई नाई. गंज देऊन टाकला नत्थूजीले. आता आपलं बंद.”

“बंद काहून?”

“हात गेला.”

मी मागे उभी होते, मला स्क्रीनवर मधूचा चेहरा दिसत होता. ती कढईसमोर उभी होती. तिने गॅस बंद केला.

“बाबा, गंज परत आणा.”

“कायले?”

“तुमचा हात नाई गेला. मी खोटं बोलली. ते मटन नव्हतं.”

“मंग? कोंबडी होती?”

मधूने नाही म्हणून मान हलवली. तिची नजर यांच्या चेहऱ्यावर नव्हती, थोडी वर, मागच्या भिंतीकडे होती. तिथे एक फोटो आहे. गावी शेत होतं तेव्हाचा, पोळ्याच्या दिवसाचा. शिंगांना रंग, अंगावर झूल, आणि दोन बैलांच्या मध्ये हाफपँटमधले मारोतराव. त्या बैलांच्या खांद्याला आदल्या रात्री त्यांनी स्वतः लोणी लावलं होतं, ही गोष्ट मधूने लहानपणी शंभरदा ऐकली आहे.

“दर रविवारी तुमच्या मागं तो फोटो दिसते बाबा,” ती म्हणाली. “कसं सांगू मंग?”

मारोतरावांनी मागे वळून फोटो पाहिला. मग फोन तसाच ठेवून उठले आणि गच्चीवर निघून गेले. मला आधी मधूचाच राग आला. “इतके रविवार झाकून ठेवलं, आज बोलायची काय गरज होती?” मी ओरडले. मग न सांगता म्हाताऱ्याला नाचवलं म्हणून ओरडले. मग ते खाल्लंच कशाला म्हणून ओरडले. ती रडत होती आणि मला तेही आवडलं नाही. मी फोन बंद केला.

मारोतराव संध्याकाळी खाली आले. जेवायला बसले, पण भाकरी मोडली नाही. “थे तिथं काय खाते ते तिचं तिले माहीत,” ते म्हणाले. आवाज चढत गेला. “मले नाई आवडलं, मले आवडनार बी नाई. पण मी इथं शेगडीसमोर बसून सोताले शिव्या देऊन राहिलो, अन थे पायत होती! बापाचा हात गेला म्हनून पायत होती! एका शब्दानं सांगाले काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुमी?”

त्यांनी ताट सरकवलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

तो आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. एका दुपारी ते नत्थूजींकडे गेले आणि गंज खांद्यावर घेऊन आले. “दिलेला परत आणला?” मी विचारलं. “त्याले काय कराचं हाय त्याचं,” म्हणाले. रविवारी चूल पेटली. तर्रीशिवाय, मोजून तेल टाकून, पण दोन तास मंद आचेवर, जुन्या पद्धतीने. नत्थूजींनी दोनदा वाढून घेतलं आणि ‘हात’ हा शब्द मोठ्याने उच्चारला. मारोतरावांनी या वेळी पुन्हा म्हणवून घेतला नाही.

कॉलची वेळ झाली तेव्हा मी फोन तांब्याला टेकवला. मारोतराव आले आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून या बाजूच्या भिंतीला लावली, जिथे नुसतं कॅलेंडर आहे.

“तिकडं काय झालं?” मी म्हटलं.

“इकडं पंखा लागते,” ते म्हणाले. खोटं. पंखा खोलीच्या मधोमध आहे. मी चरफडत तांब्या आणि फोन त्यांच्याकडे वळवला.

मधू आली. डोळे सुजलेले होते. तब्येत विचारली, हवा विचारली. कढई तापत असावी, कारण तिने चटकन हात पुढे केला आणि आपला फोन फिरवला. आम्हाला तिच्या स्वयंपाकघराची पांढरी भिंत दिसू लागली. मग चर्रर्र असा मोठा आवाज आला. काय टाकलं ते दिसत नव्हतं. कोणी विचारलं नाही. मारोतराव त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसले, खुर्चीच्या अगदी कडेला सरकून. मला वाटलं, आता उठून जातील.

“मधू,” ते ओरडले.

“हो बाबा.” भिंतीमागून आवाज आला.

“गाजर आदी टाकत जाय. कच्चं राह्यते.”